ताईत, बिल्ला आणि कार्ड : आरोग्याच्या ओळखचिन्हाचा खापा-नागपूर परिसरातील इतिहास

अंगावर धारण करावयाच्या वस्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा सौंदर्य, सौभाग्य आणि संपत्ती या तीन गोष्टींकडे जाते. आरोग्य हा धारणेचा चौथा हेतू होय. पण त्याची नोंद फार तर लोकसमजुतींच्या प्रकरणात होते. विसाव्या शतकाच्या मध्यास या हेतूला एक अगदी निराळे रूप आले. मनगटावर किंवा गळ्यात धातूची चकती घालावयाची आणि तीवर धारण करणाऱ्याचा आजार, त्याला न सोसणारे औषध किंवा त्याचा रक्तगट कोरून ठेवावयाचा, अशी ही पद्धती आहे. माणूस बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा परक्या मुलखात त्याची भाषा कोणाला समजत नसेल, तर चकतीने त्याच्या वतीने बोलावे एवढाच तिचा उपयोग. वस्तू साधी आहे. तथापि नागपूर जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे तिची निकड रक्तातच आहे, तेथे ती रूढ का झाली नाही, हा प्रश्न मात्र साधा नाही.

सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हान नदीच्या काठचे जुने नगर नागपूरच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. हातमागाचे गाव म्हणून त्याची ख्याती होती. जिल्ह्यात उमरेडच्या बरोबरीने खाप्याच्या विणकरांचे नाव घेतले जाई. अशा गावात आरोग्याच्या ओळखचिन्हाची गरज कोणाला भासण्याचे कारण नव्हते. वैद्याला घराणे ठाऊक असे, सुईणीला तीन पिढ्यांची बाळंतपणे तोंडपाठ असत, आणि अमक्याच्या घरी मुले अशक्त निपजतात हे शेजाऱ्यांना न सांगता माहीत असे. रोग्याची माहिती रोग्याच्या अंगावर लिहावी लागते ती तिचा जाणकार जवळ नसतो तेव्हाच. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाच्या गावांतील माणसे शहराकडे वळू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी वाढल्या. खाप्याजवळची गुमगावची खाण त्यांपैकीच एक होय. १९४७ साली नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि कठीण दुखणे घेऊन तेथे जाण्याचा प्रघात पडला. उपचार करणारा हात निःसंशय अधिक कुशल झाला. पण तो अनोळखी झाला. चकतीचा इतिहास या अनोळखीपणापासून सुरू होतो.

त्यापूर्वी अंगावर काहीच नव्हते असे नव्हे. लहान मुलाच्या कमरेचा काळा करगोटा, पायातील वाळे, दंडावरचा ताईत, गळ्यातील मंतरलेला गंडा यांची योजना आरोग्यासाठीच होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींविषयीच्या ग्रंथात ताईत, दागिने आणि गोंदण यांसंबंधी विपुल माहिती दिली आहे. परंतु ताईत आणि आधुनिक चकती यांत केवळ श्रद्धा आणि विज्ञान एवढाच भेद आहे असे समजणे उथळपणाचे ठरेल. खरा भेद वाचकाचा आहे. ताइतातील मजकूर बंद नळीत असतो. तो माणसाने वाचावयाचा नसतो. ज्या शक्तीला उद्देशून तो लिहिलेला असतो तिला तो न उघडताच कळतो अशी समजूत असते, किंबहुना नळी उघडली तर त्याचा प्रभाव नष्ट होतो असे मानतात. चकतीवरील मजकूर याच्या उलट, दिसेल त्या पहिल्या परक्या माणसाने वाचावा म्हणूनच कोरलेला असतो. ताईत गुपित राखून रक्षण करतो. चकती गुपित फोडून रक्षण करते. आपल्या दुखण्याची वार्ता कोणाही वाटसरूच्या हाती देणे ही पारंपरिक समाजात सहज पटणारी गोष्ट नव्हती.

माणसाने वाचावयाची आरोग्यचिन्हे या भागात प्रथम आली ती सरकारकडून. १८०२ साली मुंबईत पहिले लसीकरण झाले. पुढे १८८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या आणि छावण्यांच्या हद्दीत देवीची लस सक्तीची करण्याची मुभा मिळाली. दंडावरचा लसीचा व्रण हा त्या कायद्याचा शिक्काच होता. तपासनिसाला बाही वर करून पाहिले की पुरे. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि त्यापूर्वी जन्मलेल्या असंख्य लोकांच्या दंडावर तो व्रण आजही दिसतो. १८९६ च्या प्लेगनंतर कागदी दाखले आणि प्रवाशांची तपासणी यांचा काळ आला. त्याला १८९७ च्या साथरोग कायद्याचे बळ होते. याच कायद्याचा आधार घेऊन मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने घरी विलगीकरणात ठेवलेल्या व्यक्तींच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यास प्रारंभ केला. या सर्व खुणांत एक साम्य आहे. त्या धारण करणाऱ्याच्या हितासाठी नसून त्याच्यापासून इतरांचे हित राखण्यासाठी आहेत. हातावर शिक्का असलेल्या प्रवाशाला पाहून डब्यातील माणसे मदतीस धावत नसत, दूर सरकत.

रोग्याच्याच हिताची चकती प्रथम सैन्यात दिसते. खाप्यावरून वाहत येणारी कन्हान पुढे कामठीस जाते, आणि कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे. म्हणून हा विषय या परिसरास अगदी परका नाही. ब्रिटिश सैन्याने १९०७ साली सैनिकाच्या गळ्यात ॲल्युमिनियमची एक ओळखचकती घालण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या महायुद्धात तिच्या जागी दाबलेल्या तंतूंची चकती आली आणि १९१६ पासून एकाऐवजी दोन देण्यात येऊ लागल्या; एक प्रेताबरोबर राहावी आणि दुसरी नोंदीसाठी काढून घ्यावी, असा त्यामागील विचार होता. ही मृताची ओळख झाली. जिवंताची सोय दुसऱ्या महायुद्धात झाली. अमेरिकन सैनिकाच्या चकतीवर नावाबरोबर रक्तगट आणि धनुर्वाताची लस टोचल्याचे वर्ष कोरलेले असे. जखमी सैनिकाला कोणते रक्त द्यावे आणि कोणती सुई टोचावी, हे शुद्धीत नसलेल्या माणसाला विचारावे लागू नये, एवढा व्यावहारिक हेतू त्यामागे होता.

नागरी जीवनात ही कल्पना आली तीही धनुर्वाताच्याच निमित्ताने. १९५३ साली कॅलिफोर्नियातील टर्लॉक या गावी डॉ. मॅरियन कॉलिन्स यांची चौदा वर्षांची मुलगी लिंडा हिच्या बोटास जखम झाली. धनुर्वाताचे अँटिटॉक्सिन देण्यापूर्वी ते सोसते की नाही हे पाहण्यासाठी रीतीप्रमाणे त्वचेवर अल्पशी चाचणी करण्यात आली, आणि त्या चाचणीनेच मुलगी मरणाच्या दारी गेली. ती वाचली, पण पुढे ती एकटी असताना पुन्हा असा प्रसंग आला तर काय, ही चिंता आईबापांना लागली. वडिलांनी तिच्यासाठी चांदीची साखळी करविली आणि तीवर ॲस्पिरिन, सल्फा औषधे व धनुर्वाताचे अँटिटॉक्सिन तिला सोसत नाहीत एवढाच मजकूर कोरविला. १९५६ मध्ये त्यांनी याच कामासाठी ‘मेडिकअलर्ट’ ही संस्था स्थापन केली. चकतीवर एक क्रमांक असावा आणि त्या क्रमांकावरून दूरध्वनीने रोग्याची सविस्तर माहिती मिळावी, ही व्यवस्था हे त्या संस्थेचे खरे योगदान होय. त्यामुळे अंगावर थोडेच लिहावे लागले आणि उरलेले तिजोरीत राहिले. १९६३ साली अमेरिकन वैद्यक संघाने षट्कोनी ताऱ्यात सर्पवेष्टित दंड असलेले एक सार्वत्रिक चिन्ह पुरस्कारिले व दुसऱ्या वर्षी जागतिक वैद्यक संघाने त्यास मान्यता दिली. चिन्ह सर्वत्र एकच असावे हा आग्रह निरर्थक नव्हता. घाईच्या वेळी डॉक्टरने दागिन्यांच्या गर्दीतून नेमके काय शोधावे हे आधी ठरलेले नसेल, तर कोरलेला मजकूर असून नसल्यासारखाच.

याच दशकात महाराष्ट्रात असे दोन शोध लागले की ज्यांनी या चकतीची गरज टर्लॉकपेक्षाही ठळकपणे सिद्ध केली. त्यांपैकी पहिला मुंबईचा. १९५२ साली डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगुणधर्माची माहिती दिली. हाच पुढे ‘बाँबे रक्तगट’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. या गटाच्या माणसाचे रक्त नेहमीच्या साध्या चाचणीत ‘ओ’ असे दिसते. परंतु त्यास ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर ते घातक ठरते, कारण ‘ओ’ रक्तातही असणारा ‘एच’ घटक त्याच्या रक्तात मुळीच नसतो. त्याला केवळ त्याच्याच गटाचे रक्त चालते. येथे रोग कोणताच नाही, माणूस धडधाकट आहे. तरी अपघाताच्या वेळी घाईने केलेली चाचणी त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देते. मनगटावर दोन शब्द कोरावेत असे जगात ज्यांना म्हणता येईल त्यांत या लोकांचा क्रम फार वरचा लागतो.

दुसरा शोध नागपूरचा, आणि तोच खापा परिसराशी प्रत्यक्ष निगडित आहे. जेम्स हेरिक यांनी १९१० साली शिकागोमध्ये एका ग्रेनाडावासी विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली हा रेणूतील दोषाने होणारा आजार असल्याचे दाखविले. भारतात हा दोष १९५२ साली लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींत आढळला. नागपुरात १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांसंबंधीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी परांडे यांच्या साहाय्याने ‘ब्लड’ या नियतकालिकात रोगाचे अधिक विस्तृत वर्णन केले. विदर्भाच्या वैद्यकीय इतिहासात या निबंधांचे स्थान मोठे आहे. पिढ्यान्पिढ्या सांधेदुखी, कावीळ, वारंवारचा ताप किंवा दैव या नावांखाली विखुरलेले एक दुखणे त्यांमुळे एका नावाखाली आले.

या दुखण्यास चकती का हवी, हे त्याच्या स्वरूपावरून कळते. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलेल्या रुग्णाच्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, शरीरातील पाणी घटले, थंडी बाधली किंवा ताप चढला की विळ्याप्रमाणे वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. त्यातून असह्य वेदनांचे झटके येतात, छातीचा गंभीर विकार उद्भवतो. प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्यामुळे साधा संसर्गही जीवावर बेततो. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना तर डॉक्टरास ही गोष्ट आधी माहीत असणे अत्यावश्यक असते. याउलट ज्यास एकाच पालकाकडून हा जनुक आला तो वाहक बहुधा आयुष्यभर निरोगी असतो; त्याच्या संदर्भात ही माहिती महत्त्वाची ठरते ती मुख्यतः विवाहाच्या वेळी, कारण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्ण आणि वाहक यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे, आणि व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्ष झाले ते त्याच्याकडेच.

१९५८ च्या नागपूरच्या संशोधनात हा जनुक ज्या समाजात प्रामुख्याने नोंदला गेला तो महार समाज होता. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली त्या समाजातील लक्षावधींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ते नाव मागे टाकले होते. माणसांनी सोडलेले नाव वैद्यकाने त्यांच्या रक्ताच्या नोंदीत कायम केले. यात संशोधकांचा दुष्ट हेतू नव्हता. त्या काळच्या लोकवैद्यकाची ती सर्वमान्य पद्धतीच होती. पुढील पाहण्यांत गोंड, परधान यांसारख्या जमातींत आणि कुणबी, तेली अशा जातींतही हा जनुक आढळला, आणि मलेरियाच्या प्रदेशात वाहकास लाभणाऱ्या संरक्षणामुळे तो टिकून राहिला हे ॲलिसन यांच्या १९५४ च्या आफ्रिकेतील कार्याने स्पष्टही झालेले होते. तरी ‘सिकलसेल’ म्हणजे अमक्यांचा आजार हे समीकरण लोकांच्या मनात एकदा बसले ते बसले.

या पार्श्वभूमीवर मनगट आणि गळा या दोन जागांचा विचार केला पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात पेशवाईतील एका निर्बंधाचा उल्लेख केला आहे : अस्पृश्याने स्पर्शाने कोणास विटाळू नये म्हणून ओळखीची खूण या नात्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा. जो काळा दोरा एका घरी मुलाला दृष्ट लागू नये म्हणून बांधला जाई, तोच दुसऱ्या माणसावर त्याची दृष्टीही नको म्हणून लादला जाई. नेमक्या त्याच दोन जागी रक्तदोषाची चकती घालण्याचा सल्ला या समाजाच्या वंशजांना द्यावयाचा, तर तो टर्लॉकच्या डॉक्टरच्या मुलीला दिलेल्या सल्ल्यासारखा निरुपद्रवी राहत नाही. तिच्या साखळीवरून वाचणाऱ्यास औषधाचे नाव कळत होते. येथे वाचणारा जात वाचू शकतो. महाराष्ट्रात ही चकती न रुजण्याचे हे एकमेव कारण नव्हे. किंमत, डॉक्टरांच्या सवयी, साखळीवर कोणत्या लिपीत कोरावे हा प्रश्न, अशी इतरही कारणे सांगता येतील. परंतु त्यांतील प्रत्येकावर थोड्या प्रयत्नाने उपाय निघाला असता.

महाराष्ट्राने चकतीऐवजी कार्ड स्वीकारले. २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात गावपातळीवर प्रथम सोपी विद्राव्यता-चाचणी आणि तीत संशय आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस, अशा क्रमाने तपासणी करून रुग्णास लाल, वाहकास पिवळे आणि निरोगी व्यक्तीस पांढरे कार्ड देण्याची पद्धती रूढ झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरविले. त्यातही कार्डाचे वाटप हे प्रमुख अंग आहे. रंगाची योजना निरक्षरासही समजावी म्हणून केलेली दिसते, आणि त्या दृष्टीने ती सोयीची आहे. पण रंग दुरून वाचता येतो हीच त्याची अडचणही आहे.

या एका कार्डाचे वाचक किती, हे मोजून पाहण्यासारखे आहे. रुग्णालयातील डॉक्टर त्यावरून उपचार ठरवितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाल्यानंतर प्रमाणपत्रासाठी कचेरीतील लिपिक रुग्णाचे कागद पाहू लागला. राज्य परिवहनाच्या सवलतीसाठी गच्च भरलेल्या गाडीत कंडक्टरलाही आजाराचा पुरावा दाखवावा लागतो. आणि लग्नाच्या बोलण्यांत मुलीचे कार्ड पाहिले जाते ते जन्मपत्रिकेच्या शेजारी. मुलाचे पाहिले जातेच असे नाही. डॉक्टरपुढे कार्ड दाखविल्याने जीव वाचतो, तर सोयरिकीत तेच दाखविल्याने स्थळ मोडते. एकाच कागदाकडून ही दोन कामे करवून घेतली की माणूस अधिक जवळच्या संकटाकडे पाहून निर्णय करतो आणि कार्ड पेटीत ठेवून देतो. खाप्यासारख्या ठिकाणाहून सावनेरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नागपुरास धावताना ते पेटीतच राहिले तर त्यात नवल नाही.

असा अनुभव इतरत्रही आलेला आहे. ग्रीसमधील ऑर्खोमेनोस या गावी सिकलसेलची व्यापक तपासणी करून लोकांना विवाहापूर्वी विचार करण्यास सांगण्यात आले. १९७४ साली स्टामाटोयानोपुलोस यांनी दिलेल्या वृत्तानुसार वाहकांना कमीपणा आला, कित्येकांनी आपले वाहकत्व लपविले, आणि विवाहांची निवड मुख्यतः पूर्वीसारखीच होत राहिली. अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. त्या कायद्यांत रुग्ण आणि वाहक यांची सरमिसळ झाली आणि निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकरी व विमा यांत अडचणी आल्या. तेथील हवाई दलाच्या अकादमीने वाहकांवरील बंदी १९८१ पर्यंत चालू ठेवली होती. १९७२ च्या संघराज्याच्या कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी असे ठरविले, ते या गोंधळानंतर.

नागपूरच्या परिसरात या प्रश्नाचा विचार करताना रुग्णाची निकड आणि वाहकाची माहिती यांची फारकत करणे हे पहिले काम ठरते. वाहकास अपघाताच्या वेळी परक्याने वाचावे असे काही बहुधा नसतेच. त्याची माहिती ज्या दोन माणसांना हवी, त्यांनी ती समुपदेशकासमोर बंद खोलीत परस्परांना सांगावयाची आहे. तिला रंगाची गरज नाही आणि अंगावर तर मुळीच जागा नाही. या दृष्टीने पिवळे कार्ड हे या सर्व योजनेतील सर्वांत दुबळे अंग होय, असे म्हणणे भाग आहे. चकतीचा खरा अधिकारी रुग्ण आहे, आणि त्यातही शाळेत जाणारे मूल, कारण दुखण्याच्या झटक्यात त्याला आपल्या आजाराचे नाव सांगता येत नाही.

त्या चकतीवर काय कोरावे, याविषयी १९५३ च्या साखळीकडे पुन्हा पाहता येते. लिंडा कॉलिन्सच्या साखळीवर रोगाचे नाव नव्हतेच. तीन औषधांची नावे होती आणि ती देऊ नका अशी सूचना होती. मुलगी कोण आहे हे न सांगता तिच्याशी कसे वागावे तेवढेच डॉक्टरला सांगितले होते. सिकलसेलच्या बाबतीत ही गोष्ट पूर्णपणे साधणार नाही, कारण भूल देणाऱ्यास निदान कळलेच पाहिजे. तथापि रुग्णाचा क्रमांक, रक्तगट, उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा दूरध्वनी आणि ‘ऑक्सिजन, पाणी, ऊब’ हे तीन शब्द एका बाजूस, आणि निदान दुसऱ्या, कातडीला लागून राहणाऱ्या बाजूस, अशी विभागणी एका लहानशा चकतीवर सहज होऊ शकते. दंडावरच्या ताइताप्रमाणे तिचाही मुख्य मजकूर मग आतल्या अंगास राहील, आणि तो उलटून पाहण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाडी आहे त्याचा असेल.